समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आधीच्या दोन वक्त्यांनी गुडघे आणि मधुमेह घेतले, त्यामुळे माझ्या वाट्याला डोकं आलं. हसा, हसा. मी काही डॉक्टर नाही. नऊ वर्षं या सोसायटीचा खजिनदार होतो, थकबाकीच्या नोटिसा मीच काढल्या, तेव्हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आज बोलतोय तो पेशंट म्हणून.

आमची ही गेल्यावर सात-आठ महिन्यांनी माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची, मग गच्चीवर फेऱ्या. वॉचमनला वाटायचं, काका टाकीचं पाणी बघायला येतात. जेवण नको, पेपर नको, खाली कट्ट्यावर येणं नको. फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२, साखर तपासून घेतली. ते योग्यच, कारण थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच मलूल होतो. रिपोर्ट चांगले आले, तेव्हा ते म्हणाले, "काका, आता समुपदेशकाकडे जाऊन या."

लोक काय म्हणतील, ही भीती होतीच. पण खरं सांगू? त्याहून मोठी भीती वेगळी होती. तिथं जाऊन बोलायचं काय? पासष्ट वर्षांत स्वतःबद्दल तासभर मी कधी कोणाशी बोललो नव्हतो. हिच्याशीसुद्धा नाही. आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, लाइट बिल भरलं, मुलाचा फोन आला. म्हणून आज मला तयारीबद्दल बोलायचं आहे. कारण आपल्यातले पुष्कळ जण अडतात ते इथंच.

आधी कोणाकडे जायचं ते थोडक्यात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर. औषध ते लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. गरज पडली तर एकमेकांकडे पाठवतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती आहे का, हे विचारायला लाजू नका. प्लंबरला आपण दहा प्रश्न विचारतो. फी किती, तास किती मिनिटांचा, आयत्या वेळी येता आलं नाही तर पैसे द्यावे लागतात का, हेही फोनवरच विचारून घ्या. खाजगी फी परवडत नसेल तर मुंबईत के.ई.एम., नायर, सायन या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. गर्दी असते, केसपेपर काढावा लागतो, पण तज्ज्ञ असतात.

आता न्यायचं काय? चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. बी.पी.च्या, झोपेच्या, आणि शेजारणीने दिलेलं चूर्ण असेल तर तेही. अलीकडचे रिपोर्ट. घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, ते आठवून ठेवा. "ते आमच्यात नाही" असं म्हणायच्या आधी जरा विचार करा. प्रत्येक घरात एखादे काका असतात, ज्यांच्याबद्दल हळू आवाजात बोललं जातं.

मी खजिनदार पडलो! दोन फुलस्केप पानं लिहून नेली, तारीखवार. झोप कधी गेली, वजन किती उतरलं, सगळं. मॅडम माझ्या मुलाहून लहान असतील. त्यांनी पानं हातात घेतली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यातलं सगळ्यात आधी काय सांगावंसं वाटतं?" आणि मंडळी, माझ्या तोंडून निघालं ते त्या पानांत नव्हतंच. मी म्हणालो, "हिचा मोबाइल नंबर मी अजून दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज करतो." पुढची दहा मिनिटं मी रडत होतो. त्यांनी घाई केली नाही, पाणी पुढे केलं नाही, "रडू नका" म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे कोणी रडलं की आपण लगेच गप्प करतो. तिथं तसं करत नाहीत.

तरी कागद न्याच. माझ्यासारखी दोन पानं नकोत, चार ओळी पुरे. काय होतंय, कधीपासून होतंय, त्यामुळे रोजचं काय अडलंय, आणि काय सुटलं तर बरं वाटेल. ऐन वेळी तोंडाला कुलूप लागलं तर कागद पुढे करायचा. "मला कुठून सुरू करावं कळत नाही," हे वाक्यसुद्धा सुरुवात म्हणून चालतं.

प्रश्न विचारतील त्यांची कल्पना असू द्या. झोप, भूक, दारू, घरचं वातावरण. काही ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म देतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. ती परीक्षा नव्हे, कमी गुण मिळवायला खोटं लिहू नका. आणि एक प्रश्न सरळ विचारतील: जगणं नकोसं वाटतं का? दचकू नका. सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मला विचारलं तेव्हा मी खरं उत्तर दिलं. ते काय होतं, हे मात्र मी इथं सांगणार नाही. तेवढं माझं आणि मॅडमचं.

ते तिथंच राहतं, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता लिहिलेली आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, अशा काही प्रसंगांचा अपवाद असतो. तो काय, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मुलगा पुण्याहून आला होता. बाहेर बसला, आत आला नाही. मुलांनो, तुम्ही आई-वडिलांना घेऊन गेलात तर असंच करा, आणि परतताना "काय म्हणाले?" विचारू नका. आता पुष्कळ जण फोनवर, व्हिडिओवरही बोलतात. पण वन-बीएचकेत पाच माणसं असताना बोलणार कुठं? म्हणून खाली पार्किंगमध्ये कोणी बंद गाडीत बसून बोलताना दिसलं, तर काच ठोकून "काय, एसी खाताय का?" असं विचारू नका, ही माझी हात जोडून विनंती.

पहिल्या दिवसानंतर लगेच काही काम ठेवू नका. थकायला होतं. मी उडप्याकडे जाऊन तासभर नुसता बसलो. आणि पहिल्या भेटीत काही झालंच नाही, असंही वाटेल. बी विंगचं लिकेज आठवतंय ना? डाग दुसऱ्या मजल्यावर आणि पाइप फुटलेला चौथ्यावर. शोधायलाच पावसाळा गेला. तीन-चार भेटी द्या. तरीही सूर जुळला नाही तर तसं सांगून दुसरीकडे जा, त्यात कोणाचा अपमान नाही.

रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर भेटीची वाट बघू नका. सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावून ठेवतो.

माझी वेळ बुधवारी साडेपाचची असते. पावणेपाचला गेटवरून रिक्षा करतो. पहिल्या दिवशी कोणाला सोबत हवी असेल तर इंटरकॉमवर सांगा, कशासाठी ते सांगायची गरज नाही. बाहेरच्या बाकावर मी बसेन, पेपर घेऊन. आता वाचतो पुन्हा.