जुन्या जर्मन स्त्री-नांवांचा अर्थ

हेडविग हें जर्मन स्त्रियांचें एक जुनें नांव. त्याचे दोन अवयव आहेत. पहिल्याचा अर्थ युद्ध, आणि दुसऱ्याचाही अर्थ युद्धच! पाळण्यांतील मुलीला ‘युद्ध-युद्ध’ अशी हांक कोणती माता मारील? हें कोडें सुटलें म्हणजे या नांवांचें मर्म हातीं लागतें.

प्राचीन जर्मन लोकांत नांव बहुधा दोन शब्द जोडून बनवीत. हिल्डगार्ड या नांवांतील ‘हिल्ड’ म्हणजे युद्ध आणि ‘गार्ड’ म्हणजे कुंपण अथवा आश्रय. हा दुसरा शब्द संस्कृत ‘गृह’ शब्दाचा सगोत्र होय. माटिल्डे यांत सामर्थ्य व युद्ध, गेरट्रूड यांत भाला व बळ, कुनिगुंडे यांत कुल व युद्ध हे शब्द आहेत. या दोन शब्दांचा मिळून एक अर्थ झालाच पाहिजे, असा मात्र आग्रह नसे. अनेकदां एक शब्द पित्याच्या कुळांतील नांवांतून, तर दुसरा मातेच्या कुळांतील नांवांतून घेत. मुलगी कोणाची, हें त्यावरून कळे. गेलेल्या आजीचें अर्धें नांव नातीच्या रूपानें घरांत नांदे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धांत आना, काटारीना, एलिझाबेट अशीं ख्रिस्ती संतांचीं नांवें घरोघर आलीं, आणि जुनीं मागें पडलीं. तरी राण्या व साध्वी यांच्या स्मृतीनें कांहीं टिकलीं. सायलेशियाच्या डचेस हेडविग या १२४३ मध्यें वारल्या व १२६७ मध्यें त्यांना संतपद मिळालें. एकोणिसाव्या शतकांत राष्ट्रीय भावना जागी झाली, तेव्हां या नांवांना पुन्हां बहर आला. १८८० मध्यें योहाना श्पीरी यांनीं लिहिलेल्या कथेंतील हायडी ही मूळची आडेलहाइडच.

जर्मनींतील ज्यू कुटुंबांनींही हीं नांवें प्रेमानें स्वीकारलीं. कवयित्री गेरट्रूड कोलमार यांचा जन्म १८९४ मध्यें बर्लिनच्या अशाच कुटुंबांत झाला. परंतु ऑगस्ट १९३८ मध्यें हिटलरच्या राजवटीनें आज्ञा काढली: ठरवून दिलेल्या यादींतील नांव नसलेल्या प्रत्येक ज्यू स्त्रीनें १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नांवास ‘सारा’ जोडावें. सारा या हिब्रू शब्दाचा अर्थ राजस्त्री. सरकारी कागदावर मात्र तो बहिष्काराचा डाग ठरला. १९४३ मध्यें कोलमार यांना औश्विट्सच्या छावणींत पाठविण्यांत आलें. तेथून त्या परतल्या नाहींत.

नांव हा वंशशुद्धीचा दाखला आहे असें मानणाऱ्यांनीं त्या नांवांचा मूळ हेतूच जाणला नव्हता. भाला आणि बळ हे शब्द जोडणाऱ्या आईबापांना दोन घरांचा जिव्हाळा एका मुलीच्या ठायीं एकत्र आणावयाचा होता. अर्थ शब्दकोशांत सांपडतो. नांव मात्र तें ठेवणाऱ्याच्या मायेंत असतें. तें हुकुमानें देतां येत नाहीं, आणि हुकुमानें हिरावूनही घेतां येत नाहीं.