लाल चांदणी

आमच्या ग्रामसंघाने गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. गावातल्याच एका मुलीने ती बनवली. त्यात तीन फॉर्म होते: नवीन सभासद, कर्जमागणी आणि दिवाळी फराळाची ऑर्डर.

पहिल्याच दिवशी एक मावशी कर्जाचा फॉर्म भरायला माझ्याजवळ बसल्या. नाव, पत्ता, मोबाइल झालं. पुढे आलं ‘पतीचे नाव’ आणि शेजारी लाल चांदणी. चांदणी असली की ती चौकट भरल्याशिवाय सुटका नाही. मावशी कितीतरी वर्षं एकट्या राहतात. त्यांनी चौकट रिकामी सोडून बटण दाबलं. पान परत आलं, सगळं कोरं! पुन्हा भरलं, पुन्हा कोरं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “ताई, राहू द्या माझं.”

मला वाटलं, कॉम्प्युटरचाच नियम असेल. पण नाही हो, ती चांदणी माणूसच लावतो. त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, “तुमच्या कागदी अर्जावरून उतरवलं.” तो अर्ज तिला मीच दिला होता.

गंमत म्हणजे लाडू मागवणाऱ्या बाईलाही पतीचं नाव विचारलं जात होतं! कारण तिन्ही फॉर्मचा वरचा भाग एकाच साच्यातून येत होता. चकलीच्या सोऱ्याचं बघा. चकतीचा एक दात मोडला की घाणाभर चकल्यांचा काटा बिघडतो. पण चकती बदलली की पुढच्या सगळ्या चकल्या नीट. वेबसाइटचंही तसंच. ग्रामसंघाचं नाव, फोन नंबर, फॉर्मच्या सारख्या चौकटी एकाच जागी लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक पान तिथूनच त्या उचलतं.

मुलीने साच्यातून ती चौकट काढली, तिन्हीकडून गेली. कर्जाच्या फॉर्ममध्ये तेवढं वेगळं ‘वारसदार’ आणि ‘नातं’ घातलं. आता चूक झाली तरी भरलेलं पुसत नाही. ‘मोबाइल नंबरात ९ अंक आहेत, १० हवेत’ असं त्याच चौकटीखाली मराठीत येतं.

तुमच्या गटाने फॉर्म बनवून घेतला, तर सुरू करण्याआधी साध्या मोबाइलवर मुद्दाम चुकीचा भरून बघा. प्रत्येक चांदणीपाशी विचारा, हे कशाला हवं? आमच्याकडे हे कुणी विचारलंच नव्हतं.

मावशींना मी पुन्हा बोलावलं. वारसदार म्हणून त्यांनी धाकट्या बहिणीचं नाव घातलं.