कोशातल्या रेशमाची अक्षरं

रेशीम म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते आणि तुतीची पानं खाणारी अळी. आज मला दुसऱ्या अळीबद्दल बोलायचंय. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते ती, टसरची. तिकडे या रेशमाला कोसा म्हणतात. ढिवर समाजातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या यावर जगत आलीत, आणि विदर्भाची करवतकाठी साडी याच धाग्याची.

तुतीचा पतंग हजारो वर्षं माणसाच्या घरात राहिला. आता त्याला पंख असूनही उडता येत नाही! 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी 29 पाळीव आणि 11 रानटी वाणांचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले. माणसाच्या निवडीची खूण असू शकेल अशी 354 जनुकं त्यांना सापडली. टसरचा पतंग मात्र अजून मस्त उडतो.

दोघांचं रेशीम एकच असेल असं वाटतं ना? तसं नाहीये. रेशीम म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रथिन. तुतीच्या रेशमात ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन आलटून पालटून येतात. टसरमध्ये अ‍ॅलनिनच ओळीने उभे, दहा-बारा एकामागोमाग. शिवाय तुतीच्या फायब्रॉइनला एका छोट्या साखळीची जोड लागते, टसरमध्ये ती नाहीच. टसरच्या प्रथिनात एक तीन अक्षरी तुकडाही आहे, ज्याला आपल्या शरीरातल्या पेशी धरून बसतात. म्हणून जखमा आणि हाडांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांचा त्याच्यावर डोळा आहे.

याच कुळातल्या जपानी यामामाईचा जीनोम 2018 मध्ये कोरियन शास्त्रज्ञांनी छापला. सुमारे 65 कोटी अक्षरं, तुतीवाल्याची साधारण 45.

आता मला खरी काळजी वाटते ती वाणांची. भंडारा वाण वेगळा, बस्तरचा रैली वेगळा, झारखंडचा डाबा वेगळा. अंडीपुंज बाहेरून आणले की त्यातले पतंग उडून जंगलातल्यांशी जोड्या जमवू शकतात. सरमिसळ झाली तर कोश बघून ती कशी ओळखणार? झाडागणिक कोशाचा रंग आणि आकार बदलतो. अक्षरं वाचली तर कळेल. पण त्यासाठी आजच्या ऐनावरचे अस्सल पतंग आधी जपून, नोंदवून ठेवायला हवेत.