शुगर झालेल्या मांजराला खडा धरतो तेव्हा

या कार्यक्रमात आपण शेळीच्या पोटफुगीवर बोललो, कोंबड्यांच्या मानमोडीवर बोललो, गाईच्या कासेच्या दुखण्यावरही बोललो. आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. आज मांजराबद्दल बोलायचं आहे, आणि तेही शुगर झालेल्या मांजराची शी अडकते त्याबद्दल.

हसायला हरकत नाही, पण ऐका. ज्या घरात धान्य आहे तिथं उंदीर येतो आणि उंदराच्या मागे साप येतो. मांजर ही घराची बिनपगारी राखणदार आहे. दोन पोरांइतकीच तिचीही घरात सवय होऊन जाते. आणि ती आजारी पडली की रात्री उठून बघायचं काम कुणाकडे येतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एका गटातून प्रश्न आला आहे. "आमचा बोका ११ वर्षांचा. डॉक्टरांनी शुगर सांगितली, इन्सुलिन चालू आहे. तीन दिवस शी झाली नाही, नुसता कुंथतो. सासूबाई म्हणतात, चमचाभर एरंडेल पाजू. पाजू का?" ताई, उत्तर आहे: नको, आणि बोक्याला आजच दवाखान्यात दाखवा. का ते समजून घेऊ, म्हणजे पुन्हा अशी वेळ आली तर घरात काय करायचं आणि घरातून कधी निघायचं, हे सगळ्याच जणींना कळेल.

माणसासारखी मांजरालाही शुगर होते. उतारवयात, जाड झालेल्या, बसून खाणाऱ्या मांजरात ती जास्त दिसते, आणि भाटीपेक्षा बोक्यात जास्त. साखर रक्तात साठते आणि लघवीवाटे बाहेर पडते. पण ती एकटी जात नाही, अंगातलं पाणी सोबत ओढून नेते. म्हणून असं मांजर सारखी शू करतं, सारखं पाणी पितं, आणि भरपूर खाऊनही वाळत जातं. काहींचे मागचे पाय इतके लुळे पडतात की ते टाच टेकवून चालायला लागतात.

आता अंगाला पाणी कमी पडलं की ते आतड्यातल्या शीतलं पाणी शोषून घेतं. मळलेलं पीठ उघडं राहिलं की कसं वाळून कडक होतं, तसं आत होतं. त्यात पायांत जोर नाही म्हणून मांजर नीट उकिडवं बसू शकत नाही. शी अजून थांबते, अजून वाळते. म्हणजे खडा आतड्यात दिसतो, पण मूळ पाण्यात आणि शुगरमध्ये आहे. शुगर झालेल्या मांजराला वारंवार खडा धरत असेल, तर शुगर आटोक्यात नाही, असा तो निरोप असू शकतो. नुसता खडा काढून भागत नाही.

पहिली गोष्ट. मांजर कुंथतंय म्हणजे शीच अडकली, असं धरून चालू नका. शू अडकली तरी ते तसंच बसतं, तसंच ओरडतं. बोक्याची लघवीची नळी फार बारीक असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. म्हणून आधी राख किंवा माती बघा. ओली होते आहे का? सारखं जाऊन बसतं आणि थेंबही येत नाही, शूची जागा चाटत राहतं, पोटाला हात लावू देत नाही, अशी लक्षणं असली तर रात्र असो की पाऊस, डॉक्टरांना फोन करा आणि निघा. यावर घरचा उपाय नाही.

दुसरी गोष्ट, दिवस मोजा. निरोगी मांजर रोज, फार तर दिवसाआड शी करतं. दोन दिवस उलटले आणि शी नाही, तर डॉक्टरांना विचारायचं. शुगरच्या मांजराला शी अडकलेली असताना उलटी झाली, दिवसभर त्यानं तोंडात काही घेतलं नाही, ते सुस्त पडून राहिलं किंवा तोंडाला वेगळाच गोडसर उग्र वास आला, तर दोन दिवसांचीही वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

आता घरी काय करायचं ते सांगते. शी थोडी कडक येते आहे, पण मांजर खातंय, फिरतंय, शू करतंय, अशा वेळचे हे उपाय.

पाणी सगळ्यात आधी. ४ किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, शुगर असेल तर त्याहून जास्त. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवा. जेवणाच्या वाटीला चिकटून ठेवू नका, ते अनेक मांजरांना आवडत नाही. पाणी रोज बदला. आणि एक लक्षात ठेवा. मांजर फार पाणी पितं, घरभर शू करतं, म्हणून कुणी पाण्याची वाटी उचलून ठेवत असेल तर त्यांना थांबवा. ते पाणी बाहेर गेलेल्या पाण्याची भरपाई आहे.

मग खाणं. आपल्याकडे मांजराला दूध-भाकरी, दूध-पोळी, ताक-भात घालतात. मांजर हे मांस खाणारं जनावर आहे. शुगरच्या मांजराला भाकरी-भात आणि दूध दोन्हींतून साखर मिळते. उकडलेलं बिनहाडाचं चिकन, काटे काढलेला मासा, उकडलेलं अंडं, त्यावर त्याच उकडीचं पाणी, हे जास्त मानवतं. त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्ताला अपाय होतो. हाडं घालू नका, त्यांच्या चुऱ्यानंच शी दगडासारखी होते. पण इथं एक सावधगिरी आहे. इन्सुलिन चालू असताना भाकरी-दूध एकदम बंद केलं, तर तेवढ्याच इन्सुलिननं साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. ते मात्रा ठरवतील, आणि रोजच्या जेवणात अजून काय हवं तेही सांगतील.

तिसरं, शी करायची जागा. म्हातारं मांजर परसात भिंत ओलांडून जाऊ शकत नाही. घरात कोपऱ्यात एक कमी उंचीचं पसरट घमेलं ठेवा, त्यात बारीक माती किंवा वाळू घाला, आणि ती रोज साफ करा. घाण असली की मांजर शी धरून ठेवतं. दोरी हलवून, चेंडू टाकून दिवसातून दोन-तीन वेळा त्याला थोडं चालवा. अंगावरचे केस रोज विंचरा, म्हणजे चाटताना पोटात कमी जातील.

चौथं, इसबगोल आणि लाल भोपळा. दोन्ही उपयोगी आहेत, पण अंगात पुरेसं पाणी असेल तरच. कोरड्या पोटात चोथा गेला तर खडा अजून घट्ट होतो. साधं, बिनसाखरेचं इसबगोल चहाच्या चमच्याचा पाव भाग, दोन-तीन चमचे पाण्यात भिजवून ओल्या खाण्यात मिसळा. किंवा नुसता उकडून कुस्करलेला भोपळा एक छोटा चमचा. पण शी पूर्ण अडकली असेल तर हेही द्यायचं नाही.

आता काय करायचं नाही ते नीट ऐका. एरंडेल किंवा कुठलंही तेल तोंडात ओतू नका. धडपडणाऱ्या मांजराच्या घशातून तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. शी मोकळी व्हावी म्हणून दूध पाजू नका. दुधानं हगवण लागते, पाणी अजून जातं, साखर अजून वाढते. मेडिकलच्या दुकानात मिळणारा माणसांचा एनिमा देऊ नका. त्यातल्या फॉस्फेटनं मांजराचा जीव जाऊ शकतो. साबणाची वडीही नको. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, ते मांजराला विष आहे. आजोबांची शुगरची गोळी आणि घरातल्या कुणाचं जुलाबाचं औषध, दोन्ही नकोत. डॉक्टरांनी शी मऊ करायचं पातळ औषध दिलं तर "याला शुगर आहे" हे पुन्हा आठवून द्या, कारण त्यातली काही औषधं साखरेची असतात.

राहिलं इन्सुलिन. शी अडकलेलं मांजर बऱ्याचदा जेवत नाही, आणि खरी पंचाईत तिथं होते. न जेवलेल्या मांजराला नेहमीचं पूर्ण इंजेक्शन दिलं तर साखर धोक्याइतकी उतरते. स्वतःच्या मनानं दोन-तीन दिवस इंजेक्शन बंद ठेवलं तरी जिवावर बेततं. म्हणून जेवलं नाही की सुई लावण्याआधी फोन करायचा. मांजर डळमळायला लागलं, थरथरलं, झटका आला, तर साखरेचं दाट पाणी किंवा मध बोटानं हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच दवाखान्यात न्या. झटका चालू असेल तर बोट दातांच्या मध्ये घालू नका, ओठाच्या आतून बाहेरच्या बाजूनंच लावा.

सुईबद्दलही सांगते, कारण हे घरातल्या शुगरच्या माणसांनाही लागू आहे. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० किंवा १०० असा आकडा असतो. सिरिंजवरही असतो. दोन्ही आकडे एकच पाहिजेत. आपल्याकडे ४० च्या सिरिंजचं टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचं केशरी असतं. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, आकडा वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. आकडा चुकला तर मात्रा अडीच पट चुकते.

एक जुनी वही घ्या आणि रोज पाच गोष्टी लिहा: किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, शू किती वेळा झाली, शी झाली का आणि कशी, इंजेक्शन किती वाजता दिलं. मांजर दवाखान्यात घाबरतं, आणि नुसत्या भीतीनंही त्याची साखर वाढलेली दिसते. म्हणून तिथं घेतलेल्या एका आकड्यापेक्षा तुमची पंधरा दिवसांची वही डॉक्टरांना जास्त सांगते.

शेवटचं, पैशाचं. "मांजरावर कसला खर्च करता?" असं घरात कुणीतरी म्हणणारच. इन्सुलिन, सुया, गाडीभाडं, याला पैसा लागतो हे खरं आहे. किती झेपेल ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, त्यात लाज नाही. त्यातल्या त्यात कुठलं औषध चालेल, कुठली तपासणी थांबवता येईल, ते तेच सांगू शकतात. आणि हेही घरच्यांना सांगा, की वेळेवर उपचार आणि योग्य खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही करता येतं. पाणी, साफ घमेलं, विंचरणं आणि वही, यांना मात्र फारसा पैसा लागत नाही.

तुमच्या गटात कुणाच्या मांजराला अशी लक्षणं असतील तर पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या भागात पावसाळ्यातल्या शेळ्यांच्या खुरांबद्दल बोलू. नमस्कार.