चित्रकलेनें उपचार

माझा धाकटा भाऊ गेलीं २० वर्षें अमेरिकेंत, न्यू जर्सी येथें, राहत आहे. त्याची १७ वर्षांची कन्या यंदा महाविद्यालयांत जाणार. मध्यंतरीं त्याचा टेलिफोन आला. "दादा, पोरगी म्हणते, आर्ट थेरपी हाच मुख्य विषय घेऊन पदवी घेणार. चित्रें काढून कोणाचें पोट भरलें आहे? तूं मास्तर, तूंच तिची समजूत घाल." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. परंतु दुसऱ्याची समजूत घालण्यापूर्वीं विषय आपण समजून घ्यावा, ही जुनी खोड अद्याप शिल्लक आहे.

ह्या नांवाचा जन्म आजारपणांत झाला. इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील मिडहर्स्ट येथें क्षयरोग्यांचें एक आरोग्यधाम होतें. एड्रियन हिल नांवाचे चित्रकार तेथें १९३८ सालीं उपचारासाठीं होते. अंथरुणावर पडल्यापडल्या ते जवळच्या वस्तूंचीं रेखाटनें करूं लागले, आणि आपलें मन सांवरतें असें पाहून त्यांनीं शेजारच्या रोग्यांच्या हातींहि पेन्सिल दिली. १९४२ सालीं त्यांनीं ह्या उपायास 'आर्ट थेरपी' म्हटलें.

त्याच वर्षीं फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ह्या व्हिएन्नांत जन्मलेल्या चित्रकर्तीला नाझींनीं टेरेझिनच्या छावणींत नेऊन टाकलें. तेथें कोंडलेल्या मुलांना ती चित्रें काढावयास शिकवी. १९४४ सालीं औशविट्झ येथें तिचा वध झाला. मागें दोन पेट्यांत मुलांचीं सुमारें ४,५०० चित्रें राहिलीं. हा आंकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलें. त्या दिवशीं पुढें वाचवलें नाहीं. तिच्याच शिष्या ईडिथ क्रेमर पुढें अमेरिकेंत ह्या शास्त्राच्या एक आधारस्तंभ झाल्या. चित्र काढण्याच्या क्रियेंतच उपचार आहे, असें त्यांचें मत. तर मार्गारेट नॉमबर्ग ह्यांचा भर चित्रांतून सुप्त मन बोलतें ह्यावर. हा वाद विद्यार्थ्यांना अजून शिकवितात.

आतां व्यवहार. अमेरिकेंत चार वर्षांची ही पदवी म्हणजे केवळ उंबरठा. तींत रंग, माती, रेखाटन ह्यांच्या जोडीला मानसशास्त्र शिकवितात. परंतु उपचारक होण्यास पुढील मास्टर्स पदवी व जाणत्याच्या देखरेखीखालीं रुग्णांबरोबर केलेलें काम लागतें. हें आधीं सांगितलें नाहीं, तर बावीसाव्या वर्षीं मूल फसल्यासारखें होतें.

येथें मला माझाच एक अपराध सांगणें प्राप्त आहे. इयत्ता चौथींत एक मुलगा गणिताच्या वहींत रोज काळीं वर्तुळें काढी. पानेंच्या पानें. एके दिवशीं मीं तें पान टरकावलें व त्याला बाकावर उभें केलें. तो रडला नाहीं. पुढें त्याच्या आईकडून कळलें, कीं त्याचे वडील विहिरींत पडून गेले होते. तीं वर्तुळें म्हणजे विहीरच होती काय, हें मी आजहि सांगूं शकत नाहीं. आणि तेव्हां मीं मोठ्या शहाणपणानें तसा अर्थ लावून त्याला चार प्रश्न विचारले असते, तर तेंहि पान फाडण्याइतकेंच वाईट झालें असतें. मुलाजवळ नुसतें बसावें केव्हां आणि विचारावें केव्हां, हें कोणीं मला शिकविलें नव्हतें.

मुलीला मीं हें सर्व सांगितलें. ती म्हणाली, "काका, तो मुलगा आतां कोठें आहे?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

नंतर भावाचा टेलिफोन. "घातलीस समजूत?" मीं सांगितलें, कीं तिनें हाच विषय घ्यावा, अथवा मानसशास्त्र मुख्य घेऊन चित्रकला जोडीस ठेवावी, दोन्ही वाटा पुढें एकाच दाराशीं जातात. मात्र खर्च चार वर्षांचा नव्हे, सहा वर्षांचा धरावा. तो बराच वेळ गप्प होता. सध्यां तो आंकडे मांडीत आहे.