शिष्यासाठी टाकलेला शब्द



इंदिरानगरातील या सभागृहात आज आपण जमलो आहोत, पण या नगरीतील मराठीचा वावर नोकरीनिमित्त अलीकडे येथे आलेल्या आपल्या कुटुंबांपासून सुरू झालेला नाही. १६३८ साली बेंगळूर विजापूरकरांच्या हाती आले, पुढे ते जहागिरीच्या रूपाने शहाजीराजांकडे आले, आणि त्यांच्याच दरबारात जयराम पिंड्ये या अनेकभाषाकोविद कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचिला, जो इतिहासाचार्य राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह छापल्यामुळे आपणांस वाचावयास मिळाला. त्या परंपरेचे स्मरण करून मी आपले आभार मानतो.

अध्यक्षाने वर्षभरातील वाङ्मयाचा परामर्श घ्यावा असा परिपाठ आहे. तो आज बाजूला ठेवण्याची अनुज्ञा मी आपणांकडे मागतो. आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य वर्गात उभे राहण्यात गेले आहे; म्हणून जिचा आरंभ गुरुशिष्यांच्या नात्यात होतो आणि जी पुढे दोघांनाही जन्मभर पुरते, त्या मैत्रीविषयीच बोलावे असे मला वाटते. गोड सहवास आणि विद्वत्तेविषयीचा आदर यांनी भक्ती उत्पन्न होते. परंतु शिक्षक आपली पत आणि आपला शब्द विद्यार्थ्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाऊन ज्या दिवशी खर्ची घालतो, त्या दिवशी तो त्याचा मित्र होतो, अशी माझी धारणा आहे.

वेंगुर्ल्यानजीकच्या केळूस गावचे कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. शिवछत्रपतींचे आणि तुकोबांचे चरित्र लिहिणारे म्हणून आपण त्यांस ओळखतो. १८९८ साली त्यांनी मराठीत गौतम बुद्धाचेही चरित्र लिहिले होते. सायंकाळी ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत, आणि तेथे पुस्तकात गढून गेलेला एक शाळकरी मुलगा वारंवार त्यांच्या दृष्टीस पडे. तो मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा, म्हणजे हजेरीपटाच्या हिशेबाने केळूसकरांचा कोणीही नव्हे. परंतु त्यांनी आपण होऊन त्याची विचारपूस केली, आणि ज्या काळात त्या मुलाच्या जातीचे नाव ऐकताच भलेभले सुशिक्षितही दूर सरकत, त्या काळात त्यास जवळ बसवून, काय वाचावे हे सांगून, वाचावयास पुस्तकेही आणून दिली. भीमराव रामजी आंबेडकर हे त्या मुलाचे नाव.

शाळेतील यशाबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मला तिच्याइतकीच मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. भीमराव इंटरची परीक्षा उतरल्यावर त्यांचे वडील रामजीबाबा यांची पेन्शनीवरील ओढग्रस्त स्थिती अशी झाली की मुलाचे शिक्षण तेथेच थांबते की काय, असा प्रसंग आला. त्या वेळी केळूसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, भीमरावांस सोबत घेऊन महाराजांची मुलाखत घडवून आणली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. ग्रंथ लिहून उदरनिर्वाहास हातभार लावणाऱ्या एका शाळामास्तराला संस्थानिकाच्या मेहेरनजरेची गरज स्वतःसाठीही केव्हा ना केव्हा भासली असणारच, आणि तरीही त्याने आपली ओळख एका परक्या शाळेतील मुलासाठी वापरली, याचे महत्त्व आपण सर्वांनी जाणले पाहिजे. १९१३ साली बडोद्याच्याच साहाय्याने भीमराव न्यूयॉर्कास कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, आपल्या बुद्धविषयक महाग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या बालपणीच्या भेटीचा प्रसंग लिहून ठेविला, आणि तेथे त्यांनी आपल्या या वडीलधाऱ्या स्नेह्याचा उल्लेख ‘दादा केळूसकर’ असा केला. केळूसकरांस जाऊन त्या वेळी बावीस वर्षे झाली होती.

माझ्या गुरूंचे नाव मी घेत नाही. जाहीर सभेत आपली स्तुती झालेली त्यांस कधीच रुचली नाही. बेळगावास त्यांनी आम्हांस संस्कृत शिकविले. मी नोकरीसाठी या शहरास निघालो तेव्हा त्यांनी आपल्या एका परिचितास शिफारसपत्र लिहून दिले, आणि आपण काय लिहिले ते मला वाचता यावे म्हणून लखोटा न चिकटविता माझ्या हाती ठेविला. त्यात माझी भलावण होतीच. शिवाय हा मुलगा कामास मंद आहे, पण हाती घेतलेले अर्धवट टाकीत नाही, असेही स्पष्ट लिहिलेले होते. कोणी माझ्याविषयी इतके नेमके लिहिलेले मी पूर्वी कधी वाचले नव्हते. पुढे ते आपल्या निबंधांचे मसुदे मजकडे पाठवू लागले आणि खोडावयाचे ते निःसंकोच खोड, असे बजावू लागले. ‘अरे-तुरे’ अखेरपर्यंत कायम राहिले, पण आमच्यातले अंतर मात्र त्या मसुद्यांच्या समासात हळूहळू नाहीसे झाले. त्यांच्यावाचून या विषयावर बोलणे मला आजही जड जाते.

याच बेंगळुरातील दुसरे एक उदाहरण सांगितले पाहिजे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजेच लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी आणि पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबईची पदवी उत्तम रीतीने संपादून येथील टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेशासाठी आल्या. वडील आणि चुलते त्याच संस्थेत शिकलेले. तरी केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांस नाकारले, आणि बाईंनी हट्ट धरल्यावर एका वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर घेतले. रामन यांच्या थोरवीविषयी संपूर्ण आदर बाळगूनही, हा अन्याय होता, असे मी निःशंकपणे म्हणतो. परंतु तेथे मार्गदर्शक लाभले ते एम. श्रीनिवासय्य. शिस्तीचे कठोर, कामाच्या बाबतीत सूट न देणारे. पण दुधातील व डाळींतील प्रथिनांवर या विद्यार्थिनीकडून काम करवून घेत असताना त्यांनी तिला जीवरसायनशास्त्रातील अग्रणी संशोधकांचे ग्रंथ वाचावयास लावले, आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार करण्यासही प्रवृत्त केले. संस्थेने जिला अर्धवट दारात उभे केले होते, तिला या गुरूने थेट त्या शास्त्राच्या मुख्य मंडळीत नेऊन बसविले. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पूर्ण केली, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. येथील संस्थेची द्वारेही पुढे इतर मुलींस खुली झाली.

शिफारस या गोष्टीचे नाव आज बदनाम झाले आहे, आणि ते का झाले हे आपणांस ठाऊक आहे. लायकी नसलेल्यासाठी टाकलेल्या शब्दांनी लायकी असलेल्यांच्या वाटा अडविल्या. म्हणून शब्द टाकणेच सोडावे, हे मात्र मला मान्य नाही. ज्याच्या घरी कोणाची ओळख नाही, ज्याच्या वडिलांनी कचेरीचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही, त्या मुलासाठी शिक्षकाचा शब्द हीच एक सनद असते.

तेव्हा अध्यक्ष या नात्याने माझी एक सूचना आहे. या शहरात प्रयोगशाळा आहेत, ग्रंथालये आहेत, मोठमोठ्या कचेऱ्या आहेत, आणि आपणांपैकी अनेकांचा तेथे परिचय आहे. आपल्या वर्गाबाहेरील एखाद्या होतकरू मुलासाठी किंवा मुलीसाठी, त्यांचे काम स्वतः पाहून, पत्र लिहावयास कोण कोण तयार आहेत, यांची एक नोंदवही या संमेलनाने ठेवावी. तिच्यात भाषेची किंवा जातीची अट नसावी, कानडी मुलांचाही तिच्यावर तेवढाच हक्क असावा. सूचनेचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. त्यावर दुपारच्या सत्रात विचार व्हावा, एवढी विनंती करून मी निबंधवाचनास आरंभ करण्याची अनुज्ञा देतो.