पाव, उंडो आणि पार्सल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरींनी मला 'जुन्या आठवणी' हा विषय दिलाय. पाण्याच्या टँकरच्या आठवणी सगळेच सांगतील, म्हणून मी पावाची सांगतो.

पहिल्या वर्षी गच्चीवर श्रमदान होतं. मिसळीसाठी पाव आणायचं काम माझ्याकडे. मी गिरगावकर, चार लाद्या आणल्या. बी विंगमधले कोल्हापूरचे अण्णा म्हणाले, "हे काय? ब्रेड कुठाय?" त्यांच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड लागतो. नाशिकच्या वहिनींनी तिसरंच काढलं. त्यांचा पाववडा म्हणजे पावात भाजी भरून, बेसनात बुडवून अख्खा तळलेला! वाद रंगला, मिसळ निवली. एका शब्दावर मात्र एकमत झालं. उरलेलं सगळ्यांनी 'पार्सल' नेलं. (पुण्याचे जोशी 'बांधून द्या' म्हणाले, ते सोडा.)

तळमजल्यावरच्या मडगावच्या काकू तेव्हा नवीन होत्या. एकदा नाक्यावरच्या बेकरीत त्यांनी विचारलं, "उंडे आसात?" पोऱ्या हसला. रांगेत मागे मीही हसलो. काकू मुकाट्याने अर्धी लादी घेऊन गेल्या.

पुढे माझी बायको आजारी पडली, तर महिनाभर डबा काकूंकडून. न राहवून एकदा मी ते हसणं कबूल केलं. "म्हाका खबर आसा," त्या म्हणाल्या. "चौकटीचा शर्ट होता तुमचा."

मग त्यांनीच शिकवलं. उंडो गोल, वरून कडक. पोई कोंड्याची, आतून पोकळ. कांकण बांगडीसारखं, कुरकुरीत. हे सगळं पोदेर सायकलवरून, भोंगा वाजवत दारात आणतो. पोदेर हा शब्द पोर्तुगीज, आणि आपला पावसुद्धा पोर्तुगीजच. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर मी हसलो, तोही उंड्याच्याच भट्टीतला!

काकू गेल्या वर्षी वारल्या. शेवटच्या आजारपणात मी रात्रीच्या बसने गोव्याहून सहा उंडे मागवले होते. पोचेपर्यंत दगड झालेले. त्यांनी एक चहात बुडवून सावकाश खाल्ला आणि उरलेले पाच कागदात बांधून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "घ्या, तुमचं पार्सल."

असो. खाली मिसळ तयार आहे. पाव आणि ब्रेड, दोन्ही मागवलेत. अण्णा, आधी तुम्ही घ्या.